हेराल्डची दुसरी चावी

बरकतपुरा, हैदराबाद
२२ जानेवारी २०२४

ती. पद्मावतीवहिनींना मुकुंदचा साष्टांग नमस्कार.

तुमचं कानाचं मशीन पुन्हा बिघडल्याचं तुमच्याकडे येऊन गेलेल्या संदेशकडून कळलं. म्हणजे फोन बंद, आणि मी पुन्हा कागद-पेन घेऊन बसलो. बरंच झालं म्हणा. आज जे सांगायचंय ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, आणि सध्या तरी ते रेणूच्या कानावर जायला नको.

वहिनी, मला दादाची गाडी सापडली!

दादाची म्हणजे डॉक्टरसाहेबांची. दादानं कोठीचा दवाखाना ते जामबागचा बंगला अशी जन्मभर चालवली ती आकाशी हेराल्ड. हुसेनसागरच्या काठी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या चेतनला असल्या गोष्टींचा भारी नाद, तो मला ओढून घेऊन गेला. मी आपला टोपी घालून मागं मागं. पोरं गाड्यांना टेकून फोटो काढत होती. आणि एकदम समोर ही! बॉनेट पुढं कलंडून उघडलेलं, मडगार्डांसकट आख्खं तोंडच वर केलेलं. दादा असंच उघडून आत वाकायचा तेव्हा मला वाटायचं, गाडी आता याला गिळते की काय.

हेराल्ड काय, शहरात दुसऱ्याही असतील. पण मी आत डोकावलो तर डॅशबोर्डाखाली पितळी आकडा. डॉक्टरांची बॅग लटकवायला दादानं आपल्या जामबागच्या खोलीतल्या खुंटीचा आकडा काढून तिथं ठोकला होता, आठवतं? तुम्ही त्याच्यावर चिडला होतात. तोच आकडा. आणि काचेवर आतून चिकटवलेला कागद: विकणे आहे.

मालक शेजारी खुर्ची टाकून बसले होते. केशवराव, डॉक्टरांचे चिरंजीव. आपण जामबागेत होतो तेव्हा ते हॉस्टेलवर असायचे, पुढं रेल्वेच्या नोकरीत उत्तरेकडे गेले. त्यामुळं त्यांनी मला ओळखलं नाही. मी मराठीत बोललो तर इतके खूश झाले की चहा मागवला. म्हणाले, "दलालाला देणार नाही. घरात वापरील, सणाला हार घालील अशा माणसाला द्यायची आहे." हेराल्डची मला इतकी माहिती कशी, असं त्यांनी विचारलं. मी काहीतरी सांगितलं.

वहिनी, या वयात लाज वाटते लिहायला, पण मला ती गाडी हवी आहे. भूक लागल्यासारखी हवी आहे. चेतन "अंकल चला" म्हणत होता आणि मला तिच्यापासून हलवत नव्हतं. शेवटी केशवराव म्हणाले, "बयाना नक्को, मुकुंदराव. किमतीचं मागाहून बसून बोलू. जबान द्या." तुम्हाला ठाऊकच आहे इकडची जुनी रीत. एकदा जबान दिली की घेणारा फिरत नाही आणि देणारा दुसऱ्याला दाखवत नाही. मी दिली. त्यांनी तिथल्या तिथं काचेवरचा कागद काढून डिकीत टाकला.

आता काय करू ते सांगा.

आपला,
मुकुंद


उदगीर
३१ जानेवारी २०२४

चि. मुकुंदभावजींस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. आता गं बाई, तुम्हाला सायकल धड येत नाही आणि गाडी कोण चालवणार? हे तुम्हाला शिकवतो शिकवतो म्हणून मागं लागायचे तर तुम्ही पुस्तकात तोंड खुपसून बसायचात. आणि ठेवणार कुठं? तुमच्या बिल्डिंगीत रेणूची स्कूटी ठेवायला जागा मिळत नाही म्हणून ती मागच्या खेपेला माझ्यापाशी किती कुरकुरली. जबान देताना हे सुचलं नाही होय? प्रोफेसर झालात, पण व्यवहाराच्या नावानं शंख!

चिडवायलेय हं. मला पण रडू आलं. तो आकडा! त्यापायी माझी ओली लुगडी महिनाभर दारावर टाकावी लागली होती.

पण भावजी, चार पानं लिहिलीत आणि मुख्य तेच नाही लिहिलं. तुम्ही हणमंतरावांचे धाकटे भाऊ, हे ऐकून केशवराव काय म्हणाले? यांनीच त्यांना गाडी शिकवलेली. सुट्टीत आले की "हणमंतराव, चला" म्हणून यांना जेवणावरून उठवायचे. तुम्हाला कडकडून भेटले असतील. ते सगळं सविस्तर लिहा. मशीन दुरुस्त होऊन येईस्तोवर मला दुसरं काय आहे वाचायला?

रेणूला सांगून टाका. बायकोपासून गाडी लपत नसते.

वहिनी


बरकतपुरा
१२ फेब्रुवारी २०२४

ती. वहिनींना सा. न.

काय म्हणाले म्हणून काय विचारता! दादाचं नाव काढलं आणि केशवरावांनी माझे दोन्ही हात धरले. "हणमंतरावांचे भाऊ तुम्ही? अरे, मग आधी नाही का सांगायचं!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दादानं गाडी कशी शिकवली, क्लच सोडताना "हल्लू, हल्लू" कसं म्हणायचा, सगळं सांगत बसले. दादासारखा माणूस पुन्हा होणे नाही, असंही म्हणाले.

मी आता दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जातो. रेणूला वाटतं मी कोठीला जुनी पुस्तकं बघायला जातो. सांगेन तिला, घाई नको. जामबागचा बंगला आता तुम्हाला ओळखू यायचा नाही. पुढं दुकानं काढलीत, मागं मात्र ते बदामाचं झाड अजून आहे आणि त्याखाली गाडी. केशवरावांना माझी सोबत आवडते. घरी दोघंच असतात नवरा-बायको. आम्ही दोघं फडकं घेऊन गाडी पुसतो, चहा होतो, मग ते मला आबिड्सपर्यंत एक चक्कर मारून आणतात. पुढच्या सीटवर मी. सिग्नलला लोक वाकून बघतात. परवा एक पोलीससुद्धा हसून सलाम करून गेला. वहिनी, असं कुणी कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं हो. चाळीस वर्षं मी वर्गात व्याकरण शिकवलं, तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघत.

किमतीचं अजून बोलणं नाही. मीही काढत नाही. ते विचारतात, "मग कधी नेता?" मी म्हणतो, जागेची व्यवस्था चाललीय. व्यवस्था कसली, काही नाही. परवा गाडी बघायला एक जोडपं आलं होतं, चांगली माणसं वाटली. त्यांना केशवरावांनी दारातूनच परत पाठवलं. "जबान झाली आहे," म्हणाले. मला कसंसंच झालं.

मशीनचं काय झालं ते कळवा.

मुकुंद


उदगीर
२ मार्च २०२४

चि. मुकुंदभावजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र मी देवापुढं ठेवलं. हसू नका. शेजारच्या योगिनीला बोलावून मोठ्यानं वाचायला लावलं. मला ऐकू येत नाही, पण तिचं तोंड हललेलं बघायचं होतं. "दादासारखा माणूस पुन्हा होणे नाही" इथं ती थांबली, तर मी म्हटलं, पुन्हा वाच.

आता खरं सांगते. मला वाटलं होतं, तुम्ही सांगणार नाही. का वाटलं ते विचारू नका. पत्र टाकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. तुम्ही सांगितलंत, फार चांगलं केलंत. हे असते तर काही बोलले नसते, नुसते मिशीतल्या मिशीत हसले असते आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असत्या.

संदेश परत हैदराबादला निघालाय, त्याच्याबरोबर एक पुडी पाठवते. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी तुम्हाला. आणि कापडाच्या घडीत एक चावी आहे. हेराल्डची दुसरी चावी. आम्ही हैदराबाद सोडलं तेव्हा डॉक्टरांनी यांच्या हातात दिली होती. "हणमंतराव, ही तुमच्याकडेच असू द्या. गाडीला तुमची सवय आहे." गाडी तिकडं, चावी इकडं, काय उपयोग? पण दर दसऱ्याला हे तिला हळद-कुंकू लावायचे, आणि हे गेल्यावर मी लावते. आता ती तिच्या घरी जाऊ दे. केशवरावांच्या हातात तुम्ही स्वतः द्या आणि म्हणा, हणमंतरावांनी पाठवली. संदेशला सांगू नका द्यायला, तो कुठंतरी विसरून येईल.

त्यांना काय वाटलं ते मला लिहा. सगळं.

वहिनी


बरकतपुरा
८ एप्रिल २०२४

ती. वहिनींना सा. न.

उत्तराला उशीर झाला. रेणूचा गुडघा धरला होता. त्यात ऊन असं पडलंय की दुपारी जिना उतरवत नाही. मेतकूट छान झालंय. चटणी चेतननंच निम्मी संपवली.

चावी मिळाली. दिली. केशवरावांना फार आनंद झाला. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

बाकी ठीक. उद्या पाडवा, श्रीखंड बाहेरूनच आणलंय.

मुकुंद


उदगीर
२५ एप्रिल २०२४

मुकुंदभावजी,

मी म्हातारी बाई, मला राहवलं नाही. तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं, माणूस इतका भरभरून बोलला म्हणता, तर आपण चार ओळींनी आभार मानावेत म्हणून मी मार्चअखेर केशवरावांना परस्पर पत्र टाकलं. जामबागचा पत्ता मला अजून तोंडपाठ आहे. लिहिलं की मी हणमंतरावांची बायको, तुम्ही आमच्या यांची आठवण काढलीत हे मुकुंदभावजींनी कळवलं, चावीही पोचली असेल, फार बरं वाटलं.

काल त्यांचं उत्तर आलं. अक्षर डॉक्टरांसारखंच आहे, फक्त वाचता येतं. पत्र चांगलं आहे. यांच्याबद्दल दोन पानं लिहिलंय, ते सगळं खरं आहे. मला वाचताना यांचा आवाज ऐकू आला. आणि शेवटी काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते:

"आमच्याकडे दर रविवारी एक मुकुंदराव येतात. निवृत्त प्रोफेसर आहेत, मोठे गप्पिष्ट आणि सज्जन. त्यांच्या घरी पूर्वी हेराल्ड होती. मी गाडी त्यांना द्यायची जबान केली आहे. तुमचं पत्र आल्यावर मी त्यांच्यापाशी हणमंतरावांचा विषय काढला, तर ते म्हणाले, मी त्यांना ओळखत नाही. चावी मला कुणी दिली नाही. तेव्हा तुमचे मुकुंदभावजी आणि आमचे मुकुंदराव एकच की दोन, एवढं कळवावं. माझ्याकडून चुकून कुणाचा अपमान व्हायला नको."

बघा, त्या माणसाला तुमच्या अपमानाची काळजी आहे.

घरी हेराल्ड होती? कुणाच्या घरी? आपण दीड खोलीत राहत होतो, स्वयंपाकाच्या जागेत तुमचा अभ्यास चालायचा.

योगिनीनं तुमचं ते पत्र मला पुन्हा वाचून दाखवू का असं खुणेनं विचारलं. नको म्हटलं. देवापुढून काढून ठेवलंय.

मला त्यांना उत्तर लिहायचं आहे. काय लिहू सांगा. एकच की दोन?

पद्मावती


बरकतपुरा
३० एप्रिल २०२४

ती. वहिनी,

मी तुम्हाला तोंड दाखवायच्या लायकीचा नाही. तरी जे झालं ते लिहितो, म्हणजे निदान यातलं तरी खोटं उरणार नाही.

प्रदर्शनात त्यांनी विचारलं, हेराल्डची इतकी माहिती कशी? माझ्या शेजारी चेतन उभा होता, बाकी सगळे सुटाबुटातले गाडीवाले. मी म्हटलं, आमच्या घरीही होती, कॉलेजात असताना मीच चालवायचो. तोंडातून निघून गेलं. त्यावर केशवराव "वा!" म्हणाले आणि शेजारच्या माणसाला मला दाखवून म्हणाले, "ये बी अपने हेराल्डवाले हैं." तिथंच मी बुडालो. इतकं छान वाटलं मला, वहिनी.

तुम्ही विचारलंत तेव्हा वाटलं, रविवारी सांगून टाकू आणि तुम्हाला आधीच झालं असं लिहू. मग ते खरंच होईल. तो रविवार गेला. मग प्रत्येक रविवार तसाच गेला.

पाडव्यानंतरच्या रविवारी मी चावी खिशात घालून गेलो होतो. देणारच होतो. आम्ही गाडी पुसत होतो. केशवराव सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "मुकुंदराव, आमच्याकडे हणमंतराव म्हणून ड्रायव्हर होते. इथंच मागच्या गल्लीत राहायचे. तुमच्या ओळखीत होते का?" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, काच पुसत होते. आता कळतं, मला सोपं जावं म्हणूनच बघितलं नसेल. चावी माझ्या खिशात होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नाही बुवा. जामबाग मोठा मोहल्ला आहे. ड्रायव्हर लोक काय, येतात जातात."

ड्रायव्हर लोक. मी म्हटलं हे. ज्यानं माझी फी भरली, स्वतःची शाळा सोडून हातात स्टिअरिंग धरलं, त्याला.

केशवराव म्हणाले, "हौ, ते पण खरंच." चहा ओतला. उस्मानिया बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी दोन खाल्ली, वहिनी. ती घशाखाली उतरली, याचीच मला जास्त शरम वाटते.

एक विनंती करतो, रागावू नका. तुम्ही त्यांना लिहा की दोन आहेत. तुमचे भावजी वेगळे. मी तिकडे जाणं बंद करीन, गाडीचं नाव काढणार नाही. चावी तुम्हाला परत पाठवतो. निदान त्यांच्या नजरेतून उतरायला नको. या वयात ते मला झेपणार नाही.

मुकुंद


उदगीर
६ मे २०२४

भावजी,

मी दोन लिहिणार नाही. एकही लिहिणार नाही. माझ्या हातानं यांना नाकारायला लावता होय?

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. यांनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता सांगते.

तुम्ही कॉलेजात होतात तेव्हा सकाळी डॉक्टरांना आणायला जायच्या आधी हे तुम्हाला गाडीतून सोडायचे. डॉक्टरांची परवानगी होती. पण फाटकापर्यंत कधी नेलं नाही. अलीकडच्या फळवाल्याच्या कोपऱ्यावर उतरवायचे. तुम्हाला सांगायचे, पुढं रस्ता अरुंद आहे, गाडी वळत नाही. तुम्ही पण "बरं" म्हणून उतरायचात.

वळत नव्हती? हेराल्ड? ती तर आपल्या अंगणात, जिथं बंब ठेवायला जागा नव्हती, तिथं जागच्या जागी वळायची. साऱ्या गल्लीतली पोरं बघायला जमायची. तुम्ही स्वतः टाळ्या वाजवल्यात.

मी एकदा विचारलं यांना, पोराला उन्हात का चालवता? तर म्हणाले, "त्याचे मित्र असतात फाटकापाशी. माझ्या अंगावर खाकी असते. त्याला कशाला अवघडात टाकायचं." रागानं नव्हे, बरं का. भाकरी मोडता मोडता सांगितलं. तुम्ही तोंडानं कधी काही बोलला नव्हतात, ते मी मान्य करते. यांना आपलं कळलं होतं.

तुम्हाला गाडी हवी, सलाम हवा, पुढची सीट हवी. ती चालवणारा तेवढा नको.

चावी परत पाठवू नका. तिला इथं काही काम नाही. माझ्याकडून केशवरावांना उत्तर जाणार नाही. ते वाट बघायलेत.

मशीन आलंय दुरुस्त होऊन. पण फोन करू नका.

पद्मावती


बरकतपुरा
१५ मे २०२४

ती. वहिनी,

तुमचं पत्र वाचल्यावर तीन-चार दिवस मी घरात नुसता फिरत होतो. रेणूनं विचारलं, काय हरवलंय? मग तिला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "रविवारची वाट कशाला बघता? आत्ताच जा."

गेलो. केशवराव ओसरीवर पेपर वाचत होते. मी उभ्यानंच सांगितलं. हणमंतराव माझे सख्खे मोठे भाऊ. आमच्या घरी हेराल्ड नव्हती. मला गाडी चालवता येत नाही. त्या दिवशी मी ओळख नाकारली. तुम्ही वहिनींना लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही ते माझ्यामुळं. माझा आवाज इतका चिरका निघत होता की आतून त्यांच्या मंडळी बघायला आल्या. चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, हणमंतरावांनी पाठवली आहे.

त्यांनी चावी उलटसुलट करून बघितली. हळदीचा रंग अजून आहे तिच्यावर. मग म्हणाले, "बसा." मी बसलो. मी विचारलं, तुम्हाला सगळं कळलं होतं, मग तेव्हाच का नाही बोललात? तर म्हणाले, "तुमचं तुम्हाला सांगू द्यावं म्हटलं."

जबानीचं मी काढलं. म्हटलं, मी मोकळं करतो तुम्हाला. त्यांनी मान हलवली. "तुम्ही काय मोकळं करणार, मुकुंदराव? ज्यांच्या घरी हेराल्ड होती त्या गृहस्थांना मी जबान दिली होती. ते गृहस्थ तर नाहीतच. मग ती पाळू कोणाशी?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या नजरेतून मी उतरलो, वहिनी. उतरायलाच हवा होतो.

गाडी ते आता विकणार नाहीत. थंडी पडली की ती घेऊन उदगीरला येणार आहेत, पद्मावतीबाईंना बसवून फिरवायला. तसं त्यांचं वेगळं पत्र येईल. मलाही या असं म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही.

मी निघालो तर म्हणाले, ऊन अजून उतरलं नाही, सोडतो. नको म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी दादाची चावी लावली. एका फटक्यात गाडी सुरू झाली. मी मागं बसलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी हळू केली आणि विचारलं, "इथंच कोपऱ्यावर सोडू? आत वळवायला जागा नाही वाटतं."

मी म्हटलं, "वळते ही. फाटकापर्यंत घ्या."

संध्याकाळची वेळ, सगळे खालीच होते. फाटकासमोर गाडी थांबली तसे चेतन, त्याची आई, तिसऱ्या मजल्यावरचे वकील, सगळे गोळा झाले. वर गॅलरीत रेणू. वॉचमननं विचारलं, "एवरिदि सार, बंडी?" म्हणजे गाडी कोणाची. केशवराव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डॉक्टरसाहेबांची. माझा मोठा भाऊ चालवायचा ही. त्यांचा ड्रायव्हर होता तो."

वॉचमन "अच्छा सार" म्हणाला आणि टाकी भरून वाहायला लागली होती म्हणून मोटर बंद करायला पळाला. वकिलांनी बॉनेटवरून हात फिरवला. चेतननं विचारलं, "अंकल, मायलेज किती देते?"

बस्स, एवढंच झालं. कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. एवढ्याशा वाक्याला मी भ्यालो, वहिनी, आणि दादा त्यापायी रोज कोपऱ्यावर थांबला.

मुकुंद